विसरलेला गुरुवार

माझ्या कपाचा कान तुटला आणि त्यामुळे बोरा सरांची आणि माझी ओळख झाली.

जुन्नरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. माहेरून आणलेला चिनी मातीचा कप स्टाफरूमच्या टेबलावरून पडला आणि त्याचा कान वेगळा झाला. कोणीतरी म्हणालं, फिजिक्सच्या बोरांकडे न्या, चिनी माती जोडण्यात त्यांनी निम्मं आयुष्य घालवलंय. मी भाबडेपणाने गेले. सरांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, खिशातून सोनाराकडे असतं तसलं भिंग काढून डोळ्याला लावलं, तुटलेली कड बराच वेळ न्याहाळली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, हा कप हवेत वापरणार की व्हॅक्यूममध्ये?"

मी म्हटलं, चहा प्यायला वापरणार. "म्हणजे हवेत," असं म्हणून त्यांनी मान हलवली, जसं काही मी एखादा दुर्धर आजार सांगितला होता. नंतर मला बसवून घेऊन त्यांनी जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझा पुढचा तास बुडाला. कप काही जोडला गेला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या घरच्या भांड्याच्या दुकानातून स्टीलचं एक फुलपात्र माझ्या टेबलावर आलं. "याला कानच नाही, त्यामुळे तुटायचा प्रश्न नाही," असं त्यांनी सांगितलं. ते विनोद करत होते की नाही हे मला कधीच कळलं नाही. ते फुलपात्र अजून माझ्याकडे आहे.

सर जुन्नरच्या बाजारपेठेतले. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले असले तरी घरात मराठीच बोललं जाई. आजोबांच्या दुकानाच्या ओट्यावर तांबट हंड्या-घागरींची भोकं डाख लावून बुजवत बसत, ते बघत हे मोठे झाले. भावाने दुकान घेतलं आणि यांनी पुण्याला जाऊन धातुशास्त्र शिकून घेतलं. मग पुण्यातल्याच एका कंपनीत चिनी माती आणि धातू यांचे जोड करायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून ते गावी आले आणि आमच्या कॉलेजात शिकवायला लागले. येताना बिस्किटांच्या डब्यात कापसात गुंडाळून आपले जोड घेऊन आले.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते साधारण असं. चिनी माती आणि धातू यांचं एकमेकांशी जमत नाही. वितळलेली चांदी चिनी मातीवर टाकली तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन बसते. चांदी-तांब्यात चिमूटभर टायटॅनियम घातलं, की ते मात्र चिनी मातीला घट्ट धरतं आणि बाकीच्यांनाही धरायला लावतं. याला म्हणायचं ब्रेझिंग. पण जो धातू चिनी मातीला इतका धरतो, त्याला हवेतल्या ऑक्सिजनचीही तितकीच ओढ. म्हणून जोड करायचा तो हवा काढून घेतलेल्या भट्टीत. "जन्म होतो व्हॅक्यूममध्ये आणि सगळं आयुष्य काढायचं हवेत," सर म्हणत. गरम हवेत तो जोड एकदम तुटत नाही. कडेने काळा पडत जातो, तांबं जळतं, आणि ती काळी रेघ हळूहळू आत सरकते. किती डिग्रीपर्यंत ती रेघ आत येणार नाही, हे ठरवणं म्हणजे त्या जोडाची मर्यादा ठरवणं. सरांनी बनवलेल्या मिश्रणाची मर्यादा होती सहाशे. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तो आकडा छापलेला होता. त्याचं एक पान सरांच्या टेबलाच्या काचेखाली होतं आणि ते कुणी वाचत उभं राहिलं की सर मुद्दाम दुसरीकडे बघत.

फिजिक्सच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत त्यांनी एक छोटी विजेची भट्टी बसवली होती. पुण्यात भंगारात निघालेली ती भट्टी त्यांनी स्वतः दुरुस्त करून आणली होती. आपले जोड त्या भट्टीत तापवत ठेवायचे आणि काळी रेघ कुठवर आली ते भिंगातून बघायचं, हा त्यांचा छंद. सहाशेचे सातशे करायचे होते त्यांना. सकाळी भट्टी सुरू करण्याआधी ते दार उघडून रंगाऱ्याच्या मऊ ब्रशने आतून हलक्या हाताने झाडून घेत. आत मुंगी, कोळी, काही असलं तर ते कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडत. त्याशिवाय बटण दाबायचं नाही. घाटघरकडून येणारी पोरं पहिल्यांदा हे बघून हसत. महिनाभरात तीच पोरं सरांच्या आधी येऊन भट्टी झाडून ठेवत.

खाण्यापिण्याचे नियमही तसेच. पाणी उकळलेलंच, तेही घरून थर्मासमधून आणलेलं. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. गॅदरिंगच्या दिवशी आम्ही भेळेवर तुटून पडलो असताना हे आकाशाकडे बघत बसलेले असत. मी चिडवायची, "सर, ढग आहेत, मावळला की नाही कोणाला कळतंय?" ते म्हणत, "मला कळतंय ना."

त्यांची एक खोड मात्र त्यांना महागात पडे. कोणी काही ठाम विधान केलं की यांच्या तोंडून प्रश्न निघायचाच. एका प्राध्यापकांच्या निरोप समारंभात प्राचार्य भरल्या गळ्याने म्हणाले, आपले हे संबंध अतूट आहेत. सभागृह शांत होतं. शेजारी बसलेले बोरा सर स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे पुटपुटले, "किती डिग्रीपर्यंत?" प्राचार्य त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. बोलायला लागले ते पर्युषण संपल्यावर.

पर्युषण संपलं की संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन मंडळी सगळ्यांची क्षमा मागतात हे मला माहीत होतं. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, की वर्षभराचं झालं गेलं विसरायचं. बाकीचे लोक हे भराभर उरकत. बोरा सरांचं तसं नव्हतं. ते प्रत्येकाकडे जात, शिपायाकडेसुद्धा, आणि प्रत्येकाचा वेगळा अपराध सांगून क्षमा मागत. प्राचार्यांना त्यांनी तो निरोप समारंभ सांगितला. मला म्हणाले, "उन्हाळ्यात तुमच्या कपाटातलं अ‍ॅसिटोन न विचारता घेतलं." मी म्हटलं, अहो, मला पत्तासुद्धा नव्हता. "म्हणूनच सांगावं लागतं," ते म्हणाले. काय चुकलं ते नीट सांगता येत नसेल तर क्षमा मागण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत होतं. चंदाभाभी, म्हणजे त्यांची पत्नी, हसून म्हणायच्या की लग्न झाल्यापासून आपल्याकडे अशा अपराधांची मोठी रास साठली आहे आणि त्यातला एकही सांगण्याजोगा नाही.

भट्टी झाडणाऱ्या पोरांत आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा बबन होता. घरची शेती बेताची, अंगाने दांडगा, अभ्यासात यथातथाच. पण भट्टीचं दार उघडलं की हा लाल उजेडाकडे टक लावून बघत राही. सरांचा त्याच्यावर फार जीव. जोडावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकायला त्यांनी बबनला शिकवलं. चांगला जोड घंटीसारखा वाजतो आणि आतून खाल्लेला जोड भद्द वाजतो. बी.एस्सी. झाल्यावर सरांनीच शब्द टाकून त्याला भोसरीच्या एका कारखान्यात लावला. लोखंडाचे भाग मोठ्या भट्टीत तापवून कडक करायचा तो कारखाना होता. त्या भट्टीत चटकन पेट घेणारा गॅस भरलेला असे, आणि तारा आत जातात तिथे भिंतीला जे तोंड होतं, त्यावर सरांच्या जुन्या कंपनीचा, सरांच्याच मिश्रणाचा जोड होता. बबन हे सांगायला पेढे घेऊन कॉलेजात आला होता. "सर, रोज तुमच्या जोडाम्होरं उभा ऱ्हातो," असं तो म्हणाला तेव्हा सरांनी भिंग काढून उगाचच पुसलं.

मग दोन हजार साल उलटल्यावर लोडशेडिंगने आम्हाला गाठलं. आज सकाळी, उद्या दुपारी, कधीही वीज जायची. गिरण्या थांबायच्या, मोटारी थांबायच्या आणि सरांची भट्टीही थंड पडायची. सुरुवातीला ते अगदी रडकुंडीला यायचे. जोड सतत तापलेला राहिला पाहिजे, पुण्याला कंपनीचा मोठा जनरेटर असल्यामुळे तिथली भट्टी कधी थंड होऊ देत नसत, इथे सगळा खेळखंडोबा झाला, असं सांगत फिरायचे. तरी वीज आली की पुन्हा बटण दाबायचे.

आणि एक दिवस त्यांनी भट्टीतून एक जुना जोड काढला. सहाशेचाच, आयुष्यभर टिकायला हवा असा. टिचकी मारली आणि तो भद्द वाजला.

आधी त्यांना वाटलं, भट्टीचा तापमापक चुकीचा दाखवतोय. तो बदलला. दुसरा जोड ठेवला, तिसरा ठेवला. तो सगळा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा त्यांनी त्यात काढला. वर्गावर येत, शिकवत, पण बोलणं कमी झालं. कोणी काही ठाम बोललं तरी त्यांचा प्रश्न येईना. आम्हाला ते चुकल्यासारखं वाटायचं. शेवटी एकदा ते माझ्या प्रयोगशाळेत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी गुरुवार विसरलो."

मला काही कळेना. मग त्यांनी खडूने टेबलावरच काढून दाखवलं. जोड सतत गरम राहिला तर कडेला काळी साल धरते आणि ती सालच आतल्या धातूला थोडंफार झाकून ठेवते. पण जोड थंड झाला की धातू जास्त आकसतो, चिनी माती कमी आकसते, आणि त्या ओढाताणीत साल तडकते. पुन्हा तापवलं की हवा त्या चिरेतून नव्या धातूला खाते. पुन्हा थंड, पुन्हा चीर. पुण्याच्या भट्टीत हे कधी घडलंच नाही, कारण ती कधी थंड झाली नाही. पण भोसरीकडे विजेची सुट्टी गुरुवारी असते. दर गुरुवारी तिथले कारखाने बंद, भट्ट्या थंड, शुक्रवारी सकाळी पुन्हा पेटवायच्या. "सहाशे हा आकडा कधी न विझणाऱ्या भट्टीचा होता," ते म्हणाले. "माणसांच्या भट्टीला सुट्टी असते. मी तिथे राहून, दर गुरुवारी घरी बसून, ती हिशेबात धरली नाही. खरा आकडा साडेचारशेच्याही खाली आहे. आणि बबन तिथे उभा असतो."

आता जे करायचं ते त्यांनी लगेच केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्या गाडीने पुण्याला जाऊन त्यांनी कंपनीत आपली चूक सांगितली. तिथल्या तरुण इंजिनिअरने त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याने अदबीने चहा पाजला आणि बघतो म्हणाला. तिथून सर भोसरीला गेले. कारखान्याच्या मॅनेजरने ऐकून घेतलं, पुढच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी जोड बदलू असं म्हणाला. सरांनी बबनला गेटवर बोलावून घेतलं आणि शुक्रवारी भट्टी पेटताना त्या तोंडासमोर उभा राहू नकोस असं परत परत बजावलं.

हे सगळं त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं. बबन काय म्हणाला तेही सांगितलं. बबन हसला होता. म्हणाला होता, "सर, त्यो जोड तुमी केलाय म्हून तर मी तितं बिनघोर उभा ऱ्हातो. दुसऱ्या कुनाचा असता तर मी आदीच लांब पळालो असतो."

त्यांनी आपल्या अब्रूचा आकडा स्वतः खोडायला घेतला, पण तो खोडला जात नव्हता. पोराचा विश्वास कॅटलॉगपेक्षा पक्का निघाला. सर पुन्हा पुन्हा फोन करत राहिले, कंपनीला, कारखान्याला, बबनच्या खोलीमालकाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी, भट्टी पेटवताना तो जोड गळला आणि बाहेर आलेल्या गॅसने पेट घेतला. बबन वाचला. त्याचा उजवा हात आणि गालाची एक बाजू भाजली.

सर इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहिले. भाभी जुन्नरहून एसटीने डबा पाठवत, तो तसाच परत येई. बबनचा हात बरा झाला, पण बोटं एकमेकांना धरून आकडल्यासारखी राहिली ती राहिलीच. नोकरी संपली आणि तो लोणीला परतला. कंपनीने त्या जोडाचा आकडा नंतर बदलला, असं कळलं. ते मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. काचेखालचं ते पान त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं.

भट्टी त्यांनी पुन्हा कधी पेटवली नाही. मला वाईट वाटायचं ते त्या खोलीवरून जाताना. रोज झाडणारं कोणी उरलं नाही तशा मुंग्या आत राहायला आल्या. पुढे प्राचार्यांनी ती भंगारात द्यायचं ठरवलं, तर सरांनी विनंती केली की मुंग्या आपणहून जाईपर्यंत थांबा. त्यांचं मन मोडायला कोणी धजावलं नाही.

अपघातानंतरची पहिली संवत्सरी झाली आणि सर लोणीला जायला निघाले. एकट्याला पाठवायची भाभींना धास्ती वाटत होती, म्हणून त्यांनी मला सोबत जायला सांगितलं. नारायणगाव, मंचर असे एसटी बदलत आम्ही गेलो. बबन ओसरीवर होता. सरांना बघून तो उठला आणि पाया पडायला वाकला, तर सरांनी मागे सरकून हात जोडले. "बबन, मी गुरुवार विसरलो. मिच्छामि दुक्कडम्."

बबनच्या बायकोने तोंड फिरवलं. बबन म्हणाला, "सर, तुमी तर सांगितलं व्हतं. मीच न्हाई ऐकलं."

"तू ऐकलं नाहीस, कारण आकडा माझा होता," सर म्हणाले.

बबनने जरा वेळ आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं सर. माफ केलं. आता च्या घ्या."

परतताना मला वाटलं, एक ओझं उतरलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेच शब्द, तेच हात जोडणं, बबनचं तेच उत्तर. बबनची बायकोही मग तोंड फिरवेनाशी झाली, उलट सरांसाठी पाणी उकळून ठेवायला लागली. मला मात्र ते बघवेना. एका वर्षी मंचरच्या स्टँडवर मी चिडलेच. म्हटलं, अहो, त्याने कधीच माफ केलंय, दरवर्षी ती जखम कशाला उघडता?

सर पूर्वी पोरांना सांगत त्याच स्वरात म्हणाले, "मॅडम, जोड एकदा टिकला म्हणजे टिकला, हीच तर माझी चूक झाली. वर्षभर त्याचा हात दुखतो, थंडीत बोटं आवळतात, तेव्हा त्याला माझी आठवण येत असणार. त्याचं माफ करणंही दरवर्षी थंड होऊन पुन्हा तापतंय. मग दरवर्षी जाऊन बघायला नको?"

आमची गाडी लागली आणि आम्ही चढलो.

सर निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे तेवढे पहिल्यासारखे तीक्ष्ण राहिले. संवत्सरी आली ती गणपतीच्या गडबडीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानावरच्या त्यांच्या घरी गेले. खाली पेठेत मंडळाचे ढोल वाजत होते. सर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते आणि अस्वस्थ होते. भाभी म्हणाल्या, सकाळपासून असंच चाललंय, दाराकडे हात करतात, चपला दाखवतात. लोणीला जायचंय, हे भाभींना कळत होतं आणि मलाही कळलं. पण कसं नेणार?

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बबन आला होता. हातात कोथिंबिरीची जुडी, अंगात धुतलेला सदरा. भाजलेली बाजू त्याने सवयीने भिंतीकडे ठेवली होती. "सर आलं न्हाईत म्हून मीच आलो," तो भाभींना म्हणाला.

सरांनी त्याला पाहिलं आणि हात जोडायला घेतले. डावा हात वर आला, उजवा मांडीवर तसाच पडून राहिला. तोंडातून फक्त "गु… गु…" एवढंच निघत होतं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भाभी पुढे झाल्या, पण बबन आधीच खाली बसला होता.

"गुरुवार ना, सर?" तो म्हणाला. "ठावं हाय मला. नका बोलू."

त्याने आपल्या आकडलेल्या बोटांनी सरांचा पडलेला हात उचलला, त्यांच्या डाव्या हाताला नीट टेकवला आणि दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. मग म्हणाला, "औंदा मी आलोय. टिकलंय बगा, सर."

सरांचं पुटपुटणं थांबलं. त्यांनी मान हळूहळू खाली आणली आणि ते त्या हातांकडे बघत राहिले. समोरून नाही, कडेने, जिथे एक हात दुसऱ्याला टेकतो तिथे. भिंग लावून ते जसं बघत तसंच. मी तिथे फार वेळ उभी राहू शकले नाही. दाराशी येऊन वळून पाहिलं तेव्हा खिडकीतून येणारं ऊन उतरत होतं आणि ते मावळायच्या आत भाभी सरांना चमच्याने उकळलेलं पाणी पाजत होत्या. बबनने हात सोडले नव्हते.